गाडीविना इटलीत तळ्याकाठी दोन-तीन रात्री: वारेन्ना, ओर्ता की मोन्ते इझोला?

उत्तर इटलीत तळ्याकाठी राहायचं ठरलं आणि गाडी भाड्याने घ्यायची नाही हेही ठरलं, की गाव निवडताना फोटो बाजूला ठेवावेत. फोटोत सगळीच गावं देखणी दिसतात. गाडी नसलेल्या माणसाचा मुक्काम दोन प्रश्नांवर ठरतो. स्टेशनपासून खोलीच्या दारापर्यंत सामान कसं न्यायचं? आणि एखादी रेल्वे किंवा बोट चुकलीच, तर पुढची किती वेळाने? कोमो तळ्यावरचं वारेन्ना, ओर्ता तळ्यावरचं ओर्ता सान जुलिओ आणि इझेओ तळ्यातलं मोन्ते इझोला बेट ही तीन ठिकाणं इथे मुख्यतः याच कसोटीवर तपासली आहेत.

पोचणं

वारेन्ना यात सहज पहिलं येतं. मिलानच्या चेंत्राले स्टेशनहून तिरानोकडे जाणारी थेट रेल्वे साधारण दर तासाला असते आणि तासाभरापेक्षा थोड्याच जास्त वेळात पोचवते. उतरायच्या स्टेशनचं नाव वारेन्ना-एझिनो-पेर्लेदो. ही प्रादेशिक गाडी आहे. आरक्षण नसतं आणि भाडं ठरलेलं असतं, त्यामुळे महिनाभर आधी तिकीट काढून काहीच वाचत नाही. स्टेशन छोटं आहे, तेव्हा परतीचं तिकीट मिलानलाच काढून ठेवावं. कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. ते राहिलं तर तिकीट खिशात असूनही दंड होतो. लेक्को स्टेशननंतर तळं डाव्या हाताला दिसतं, म्हणून जाताना डावीकडची खिडकी धरावी. उन्हाळ्यात सकाळी नऊ-दहाच्या सुमाराच्या गाड्या एका दिवसासाठी जाणाऱ्यांनी भरतात. वीस मिनिटं आधी फलाटावर पोचलात तर बसायला मिळतं.

स्टेशनवरून बोटीचा धक्का दहा मिनिटांच्या उतारावर आहे. खरी मेहनत त्यापुढे. जुनं वारेन्ना उभ्या कातळावर वसलेलं आहे. धक्क्यापासून कड्याला लावलेल्या पादचारी मार्गाने जुन्या बंदरात जायचं, आणि तिथून वर चौकाकडे जातात त्या सगळ्या दगडी पाखाड्या. चाकाची मोठी बॅग इथे अक्षरशः उचलून न्यावी लागते. खोली घेताना घरमालकाला विचारायचा प्रश्न 'तळं दिसतं का' हा नाही, 'पायऱ्या किती' हा आहे. गुडघ्यांचा त्रास असलेलं कुणी बरोबर असेल तर स्टेशन आणि धक्का यांच्या मधल्या भागातली जागा घ्यावी.

मोन्ते इझोलाला तीन टप्पे आहेत, पण तिन्ही सरळ. मिलान ते ब्रेशा वेगवान गाडीने पाऊण तासाच्या आत, प्रादेशिक गाडीने तासाभराच्या थोडं वर. ब्रेशाहून एदोलोच्या दिशेने जाणारी छोटी रेल्वे पकडून सुल्झानोला उतरायचं, त्यालाही पाऊण तास धरावा. सुल्झानोचं स्टेशन आणि धक्का यांत जेमतेम काही मिनिटांचं अंतर आहे. तिथून फेरीबोट पाचेक मिनिटांत बेटावरच्या पेस्किएरा मारालिओला सोडते. ही फेरी पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत थोड्या-थोड्या वेळाने चालू असते, म्हणून बोट चुकण्याची धास्ती इथे सगळ्यात कमी. धास्ती असेल ती रेल्वेची. एदोलो मार्गावर कामं निघाली की गाड्यांऐवजी बस सोडतात, आणि मग वेळ वाढतो. निघण्याच्या आठवड्यात ट्रेनॉर्द या प्रादेशिक रेल्वे कंपनीच्या ॲपवर सुल्झानो टाकून पाहा. येताना-जाताना ब्रेशाला वेगवान गाडीचं ठरावीक वेळेचं स्वस्त तिकीट काढलं असेल, तर मध्ये निदान चाळीस मिनिटं मोकळी ठेवा. छोटी गाडी उशिरा आली तर ते तिकीट सहसा वाया जातं.

ओर्ता इथे मागे पडतं, आणि याची कल्पना आधी असायला हवी. नकाशावर मिलानच्या मालपेन्सा विमानतळाला तिन्हींत जवळचं तेच. रेल्वेने मात्र मिलानहून नोव्हारा आणि तिथून दोमोदोस्सोलाकडे जाणारी गाडी, असं जावं लागतं. या दुसऱ्या मार्गावर गाड्या विरळ आहेत. नोव्हाराची जोड चुकली तर दोन तास तिथेच बसायची वेळ येऊ शकते. ओर्ता-मियाझिनो स्टेशन गावाच्या वर, दोनेक किलोमीटरवर आहे. जाताना उतार, परतताना चढ. स्टेशनबाहेर टॅक्सी उभी असेल असं धरून चालू नका. हॉटेलला रेल्वेची वेळ कळवून कुणी न्यायला येईल का हे आधीच लेखी ठरवा. गावात शिरल्यावर मात्र सगळं सोपं होतं. जुन्या भागात वाहनं नाहीत आणि तळ्यालगतचा मोत्ता चौक सपाट आहे. स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना बर्न, ब्रिग, दोमोदोस्सोला असा उत्तरेकडूनच रस्ता असल्याने त्यांच्यासाठी ओर्ताचं गणित बरंच बदलतं.

तिथे गेल्यावर

दिवसभरात किती गावं पाहता येतील असा हिशेब असेल तर वारेन्नाला तोड नाही. बेलाजिओ बोटीने पंधरा मिनिटांवर आहे, मेनाज्जिओही तेवढंच. तळ्याच्या मधल्या भागात फिरण्यासाठी दिवसभराचं तिकीट मिळतं. तीनपेक्षा जास्त वेळा बोटीत बसणार असाल तर ते घ्यावं. जलद बोटीला वेगळा जास्तीचा आकार पडतो, आणि एवढ्या जवळच्या अंतराला तिची गरजही नसते. दुपारी बेलाजिओच्या धक्क्यावर लांब रांगा लागतात. म्हणून वारेन्नात मुक्कामी असणाऱ्याने उलटं चालावं: सकाळी पहिल्या बोटींपैकी एकीने बेलाजिओला जावं, अकराच्या आत परतावं, आणि दुपार वारेन्नातच घालवावी. तळ्याकाठी लांबवर पसरलेली व्हिला मोनास्तेरोची बाग पाहायला दोन तास सहज जातात. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फेर्मी यांनी 1954 मध्ये याच वास्तूत व्याख्यानं दिली होती, आणि त्यांच्या नावाची भौतिकशास्त्राची वर्गमाला आजही तिथे भरते. वर वेझिओचा किल्ला आहे. वीस ते तीस मिनिटांचा खडा चढ, तळवा न घसरणारे बूट हवेत. संध्याकाळी बेलाजिओला जेवायला जाण्याआधी परतीची शेवटची बोट धक्क्यावरच्या फलकावर स्वतः पाहून घ्या. ऋतूनुसार ती बदलते.

मोन्ते इझोलावर पाहण्यासारखं कमी आणि चालण्यासारखं भरपूर. बेटाचा घेर सुमारे 9 किलोमीटर. रमतगमत तीन तासांत फेरी पूर्ण होते. पेस्किएरा मारालिओ ते सेन्सोले हा काठाचा तुकडा सपाट आहे, वयस्कर माणसांनाही जमतो. बेटाच्या माथ्यावर, 600 मीटर उंचीवर, मादोन्ना देल्ला चेरिओलाचं देऊळ आहे. खालच्या धक्क्यापासून जवळपास चारशे मीटर चढ, तेव्हा पाण्याची बाटली भरून सकाळीच निघावं. बेटावर खाजगी मोटारींना बंदी आहे, पण रहिवाशांच्या स्कूटर चालतात. 'वाहनमुक्त' या शब्दावरून पूर्ण शांततेची अपेक्षा ठेवली तर अरुंद गल्लीत दचकायला होतं. वरच्या वस्त्यांना जोडणारी छोटी बस आहे. वरच्या गावात स्वस्त खोली घेतलीत तर दिवसाचं वेळापत्रक त्या बसच्या हाती जातं, म्हणून पहिल्या मुक्कामाला पेस्किएराच बरं. 2016 च्या उन्हाळ्यात कलाकार क्रिस्तो यांनी सुल्झानोपासून बेटापर्यंत पाण्यावर तरंगता पिवळा मार्ग टाकला होता, तेव्हा या बेटाचं नाव जगभर झालं. तो मार्ग पंधरवडाभरच होता. आज शोधायला जाऊ नये.

ओर्ताचं वैभव सकाळ-संध्याकाळचं आहे. समोरच्या सान जुलिओ बेटावर बोट पाच मिनिटांत जाते. बेटाला वळसा घालणारी एकच गल्ली आहे आणि बेनेडिक्टाइन पंथाच्या नन्सचा मठ आहे, म्हणून आवाज खालीच ठेवावा. गावामागच्या टेकडीवर संत फ्रान्सिसच्या आयुष्यातले प्रसंग मांडणारी वीस देवळं आहेत. 2003 पासून ती युनेस्कोच्या यादीत आहेत, चढही सोपा आहे. पोहायचं असेल तर तिन्हींत ओर्ताच निवडावं. कोमो तळं 400 मीटरहून खोल, त्याचं पाणी भर उन्हाळ्यातही थंड लागतं. ओर्ता लहान आणि त्या मानाने उथळ असल्याने चांगलं कोमट होतं. याच तळ्यात 1926 पासून रेयॉन कारखान्याचं सांडपाणी जाऊन मासे संपले होते. 1989-90 मध्ये त्यात चुनखडी ओतून आम्लता उतरवली गेली, आणि पाणी पुन्हा जिवंत झालं. प्रदूषित तळं सुधारण्याच्या कामात हे उदाहरण मनापासून आदर करण्याजोगं आहे.

जेवण, दुकानं, महिना

शाकाहारी असाल तर वारेन्ना सोयीचं. जवळच्या व्हाल्तेल्लिना खोऱ्यातला पित्सोक्केरी हा पदार्थ मागा: कुट्टूच्या पिठाची पट्टी, बटाटा, कोबी आणि चीज, पोटभर. मोन्ते इझोलाच्या खाणावळी तळ्यातल्या माशांवर चालतात, शाकाहाऱ्याला पिझ्झा आणि टोमॅटोचा पास्ता यांवरच भागवावं लागतं. मासे खाणाऱ्यांनी मात्र उन्हात सुकवलेले तळ्यातले मासे जरूर चाखावेत. रिसोत्तो हा भाताचा पदार्थ कुठेही मागवताना रस्सा मांसाचा की भाजीचा हे विचारा, बहुतेकदा मांसाचाच असतो. दुपारी अडीच ते सात या वेळात स्वयंपाकघरं बंद असतात. किराण्याची दुकानंही दुपारी मिटतात, त्यामुळे रविवारी पोचणार असाल तर ब्रेड, फळं, दूध मिलानमधूनच घ्या.

मे, जूनचा पहिला पंधरवडा आणि सप्टेंबर हे तिन्हींसाठी चांगले. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी वारेन्ना टाळून मोन्ते इझोला घ्यावं. तिथेही गर्दी होते, पण संध्याकाळच्या बोटींनी ती ओसरते. नोव्हेंबर ते मार्च ओर्ताच्या बोटी फार कमी होतात आणि वारेन्नातली बरीच हॉटेलं बंद असतात.

पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबाने, दोन रात्री हातात असतील तर, वारेन्ना घ्यावं. तीन रात्री आणि चालायची हौस असेल तर मोन्ते इझोला. ओर्ता त्यांच्यासाठी, जे एकदा पोचल्यावर हलणार नाहीत, आणि जे आठवड्याच्या मधल्या वारी जाऊ शकतात. तिथे बुधवारी चौकात बाजार भरतो.

कुठेही गेलात तरी मोठ्या बॅगा मिलान चेंत्रालेच्या सामानघरात ठेवा आणि पाठीवरची एक पिशवी घेऊन निघा. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात. कामाच्या दिवशी संप असला तरी प्रादेशिक गाड्यांपैकी काही सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळात चालवाव्याच लागतात, त्यामुळे प्रवास त्या पट्ट्यात बसवा. आणि परतीचं विमान सकाळचं असेल तर शेवटची रात्र तळ्याकाठी नको, मिलानमध्ये काढा.