आठ महिने, २७ सेशन्स आणि ते पंधराशे रुपये

चार महिन्यांपूर्वी लिहायला बसले असते तर एवढंच लिहिलं असतं, की मी जाते त्या समुपदेशन केंद्रात जाऊ नका. आज तसं म्हणणार नाही. पण त्या पंधराशे रुपयांबद्दल सविस्तर लिहिणार आहे.

मी पुण्यात एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आधी दुसरीकडे तीन सेशन्स करून सोडली होती. वॉर्डातले जातीवरचे टोमणे सांगितले की तिथे उत्तर यायचं, "तुम्ही फार मनाला लावून घेता." मे २०१९ मध्ये मुंबईत निवासी डॉक्टर पायल तडवी यांनी आत्महत्या केली आणि सीनियर्सनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, तेव्हा आमच्या चेंजिंग रूममध्ये दोन दिवस कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. मनाला लावून घेऊ नका म्हणजे नेमकं काय करू, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

इथला पहिला फॉर्मच वेगळा होता. 'तुम्हाला काय म्हणून हाक मारू?' एवढाच नावाचा रकाना. पती किंवा वडिलांचं नाव नाही, लिंगापुढे कोरी जागा, आडनाव ऐच्छिक. माझ्या आडनावावरून जात चटकन कळत नाही, त्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मूळ गाव कुठलं तुमचं?" तो इथे आला नाही. दुसऱ्या सेशनला समुपदेशक मॅडम स्वतःहून म्हणाल्या, "माझ्या घरात जातीचा त्रास कुणी सोसलेला नाही. माझ्याकडून काही निसटलं तर मला तिथेच थांबवा." त्या दिवशी मी पहिल्यांदा मोकळेपणी रडले.

मग आला तो गुरुवार. माझी फी ऐपतीप्रमाणे ठरलेली, ५०० रुपये. पूर्ण फी १,५००. त्या दुपारी रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीची नर्स, आलीच नाही आणि मला डबल ड्युटी करावी लागली. दोन तास आधी मेसेज केला. रात्री बिल आलं, १,५०० रुपयांचं. २४ तास आधी कळवलं नाही तर सवलत लागू नाही, असा नियम निघाला. माझ्या हातात महिन्याला २२ हजार पडतात. पुढच्या वेळी काउंटरवर विचारलं, तर भरल्या वेटिंग रूममध्ये आवाज आला, "सवलतवाल्या ना तुम्ही? नियम सगळ्यांना सारखाच आहे."

सारखा कसा? ज्याला मीटिंग पुढे ढकलता येते त्याला आणि जिला ड्युटी सोडून निघता येत नाही तिला, दोघांना एकच नियम लावला की भुर्दंड दुसरीलाच बसतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ मध्ये भेदभाव कशावरून नको, ते मोजून लिहिलंय. त्यात लिंग, धर्म आणि लैंगिक कलासोबत जातही आहे, वर्गही आहे. भिंतीवर 'सर्वांसाठी सुरक्षित जागा' लिहायचं आणि बिलात विसरायचं, हे मला पटलं नाही. मी तीन आठवडे गेले नाही. त्या काळात रात्रपाळीत एकदा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन केला. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं, चोवीस तास सुरू असतो. पैशांपायी अडलेल्यांनी हा नंबर जवळ ठेवा.

परत गेले ती भांडायच्या तयारीने. मॅडमनी नियमाची बाजू घेतली नाही. विचारलं, "काउंटरवर ते ऐकलं तेव्हा काय आठवलं?" आणि माझ्या तोंडून सातवीचा वर्ग निघाला. 'शिष्यवृत्तीवाल्यांनी उभं राहा.' आम्ही पाच जणी उभ्या, बाकीचे मागे वळून बघतायत, आणि मी बाकाच्या कडेची खपली नखाने काढतेय. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. वॉर्डात कुणी सगळ्यांसमोर नाव घेतलं की मानेला घाम का येतो, ते त्या तासात उलगडलं.

त्यानंतर नियम बदलला. सेशन चुकलं तर ज्याची जी फी तीच लागते आणि शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना चार तास आधी कळवलं तरी चालतं. सवलतीचं बोलणं आता आतल्या खोलीत होतं. लिफ्ट मात्र अजून नाही, दोन मजले चढावे लागतात; कुबड्या घेऊन येणारा एक मुलगा मधल्या जिन्यात बसून दम खातो. हे मी त्यांना लेखी दिलंय. संमतीपत्रही अजून इंग्रजीतच आहे.

माझे जास्तीचे हजार रुपये पुढच्या दोन सेशन्समध्ये वळते झाले. पावती मागून घेतली.