महॉगनीच्या गिटारला नेकवर कोणता पिकअप बसवावा: अल्निको २ की अल्निको ५?

महॉगनीची बॉडी, वर मेपलचा थर असो वा नसो, आणि पावणेपंचवीस इंचांची स्केल, म्हणजे तारेची कंप पावणारी लांबी. अशा गिटारला ब्रिजचा हंबकर (तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा दोन कॉइलचा पिकअप) निवडताना थोडं इकडंतिकडं झालं तरी ॲम्पवर सावरून घेता येतं. खरं डोकं खातो तो नेकचा. म्हणून तेवढ्यापुरतंच लिहितो. दोन्ही पिकअप जुन्या पीएएफच्या (गिब्सनच्या सुरुवातीच्या हंबकरच्या) वळणाचे, कॉइलचा रोध साधारण साडेसात-आठ किलोओहम; वेटोळे वाढले की तो वाढतो. फरक फक्त चुंबकाचा: अल्निको हा ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्टचा मिश्रधातू, आणि त्याची ५ ही प्रत २ पेक्षा जोरदार.

गिब्सनने १९५७ मध्ये सेथ लव्हर यांचे हंबकर लेस पॉलवर बसवायला सुरुवात केली, तेव्हा हाती येईल त्या प्रतीचा अल्निको त्यांत जाई. त्यामुळे अस्सल जुना आवाज अमुकच चुंबकाचा, या वादात मला तरी अर्थ दिसत नाही.

बाराव्या फ्रेटच्या वर सावकाश लीड वाजवायची असेल तर अल्निको २ फार गोड आहे. सुराची सुरुवात मऊ, ट्रेबल कुठेही टोचत नाही. इथे ५ त्याची बरोबरी करत नाही, हे मोकळेपणाने सांगतो.

माझं घोडं अडलं ते जाड तारांवर. गेन (ॲम्पवरचा आवाज फाटवणारा नॉब) जरासा वाढवून पहिल्या तीन फ्रेटमध्ये पूर्ण कॉर्ड धरली, की जाड दोन तारा एकमेकींत मिसळायच्या. कॉर्ड मेजर आहे की मायनर, हेही नीट कळेना. नेकपाशी तारेची हालचाल मोठी, त्यात आखूड स्केलमुळे ताण कमी, आणि वर अल्निको २ चा खर्ज मुळातच सैल. पिकअपची जाड तारांकडची बाजू खाली उतरवली, बारीक तारांचे स्क्रू वर काढले. कॉर्ड सुटी झाली, पण बारीक तारा कर्कश वाटू लागल्या. ज्या गोडव्यासाठी तो पिकअप घेतला होता, तोच गेला.

अल्निको ५ वर तीच कॉर्ड, तोच गेन, आणि प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. क्लीन आवाजात वरचा भाग किंचित तीक्ष्ण वाटतो खरा; टोन सातवर आणला की माझं काम भागतं. टोनचा नॉब ट्रेबल उतरवू शकतो, गढूळ खर्ज मोकळा करू शकत नाही. जोरदार चुंबक तारा ओढेल अशी धास्ती काहींना असते. पण हंबकरमध्ये चुंबक कॉइलच्या खाली आडवा असतो, त्यामुळे सिंगल कॉइलइतका त्रास मला जाणवला नाही.

लाकडाचा वाटा किती, यावर मतं टोकाची आहेत. माझ्या कानांना स्केल आणि पिकअपची जागा जास्त बोलते. अल्डरची बॉडी, साडेपंचवीस इंचांची स्केल, बोल्टने जोडलेला मेपलचा नेक असेल, तर मी कदाचित अल्निको २ कडे वळेन. चोवीस फ्रेटच्या गिटारवरही तसंच, कारण तिथे नेकचा पिकअप ब्रिजकडे सरकलेला असतो आणि आवाज आधीच उजळ होतो.

खरेदीआधी पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे बदलते रोधक) ५०० के, म्हणजे किलोओहम, आहेत ना, हे एकदा पाहा. २५० के असतील तर कुठलाही हंबकर मंदच वाटेल. महॉगनी आणि आखूड स्केलवर मात्र मी ५ च घेईन, आणि तोही कमी वेटोळ्यांचा. चौदा-पंधरा किलोओहमचा नेकवर बसवलात, तर तोच गढूळपणा परत येतो.