स्टाफ वार्ड कन्सेशन: फी पाऊण माफ, मांडीचं भाडं पूर्ण

शाळेच्या स्टाफच्या मुलांना फीत मिळणाऱ्या सवलतीचा, म्हणजे स्टाफ वार्ड कन्सेशनचा, हा माझा रिव्ह्यू, तारे शेवटी. जूनमध्ये फॉर्म 16 बरोबर फॉर्म 12बीए (पगाराशिवाय मिळालेल्या सोयींचा हिशोब) हातात पडला आणि घरात कल्ला झाला. 2024-25 मध्ये शाळेनं माझ्या दोन्ही मुलांच्या फीत जे 60,000 सोडले, ते सगळे माझ्या उत्पन्नात धरलेले. आमचे हे म्हणाले, "ही कसली सवलत? उद्या यावरही टॅक्स लावतील."

2024-25 साठी लागू असलेला नियम जुनाच होता. नोकरी देणाऱ्याच्याच शाळेत मूल शिकत असेल, तर दर मुलामागे महिना 1000 रुपयांपर्यंतचा लाभ मोजत नव्हते. त्यावर गेला की तो पर्क्विझिट, म्हणजे पगारासारखीच टॅक्समध्ये धरली जाणारी सोय. मोजायचा तो आसपासच्या तशाच शाळेतल्या खर्चाशी तुलना करून, आपण भरलेले पैसे वजा करून. माझा पगार महिना 42,000. साठ हजार मिळवूनही 2024-25 च्या नव्या टॅक्स रिजीममधल्या 7 लाखांच्या मर्यादेच्या आतच होते, म्हणजे रिबेटनंतर टॅक्स शून्य. पण सीनियर सेक्शनच्या जास्त पगारवाल्यांनी मात्र आकडा बघून घ्यावा.

बाकी आमच्या शाळेच्या अटी अशा. पहिल्या मुलाला 75 टक्के, दुसऱ्याला 50, तेही फक्त ट्यूशन फीवर. मधेच नोकरी सोडली तर वर्षाचं कन्सेशन फायनल सेटलमेंटमधून वळतं करून घेतात. अॅन्युअल चार्जेस पूर्ण. चालतं.

बसचं मात्र चालत नाही.

आम्ही इंदूरच्या सुदामा नगरला राहतो, शाळा राऊच्या पुढे. स्टाफला बस फुकट, मुलांना पूर्ण भाडं: दर मुलामागे महिना 1,800, अकरा महिने. दोघांचे 39,600. म्हणजे साठातले जवळजवळ चाळीस परत शाळेच्याच गल्ल्यात! बरं, भाडं घ्या, पण सीट तरी द्या. फूटी कोठीपासूनच बस भरलेली, म्हणून धाकटा राऊपर्यंत माझ्या मांडीवर. माझी सीट फुकट, माझ्या मांडीचे 1,800.

अकाउंट्समध्ये विचारलं तर उत्तर, "मॅडम, ट्रान्सपोर्ट अलग हेड है." मी म्हटलं, आपल्या मध्य प्रदेशच्या 2017 च्या फी कायद्यात डिसेंबर 2024 मध्ये विधानसभेनं दुरुस्ती केली, वाहतूक शुल्क वार्षिक फीतच धरायचं ठरलं. मग हेड अलग कसं? "वो पेरेंट्स के लिए है, मॅडम." मग मी कोण?

हे सगळं चिडून टाइप करत होते, तेवढ्यात मागच्या वर्षीची बाहेरच्या पाळणाघराची वही सापडली आणि अर्धा तारा वाढवला. धाकटा बाराला सुटतो आणि माझी सुट्टी होईपर्यंत शाळेच्याच डेकेअर रूममध्ये झोपतो. त्याचे पैसे नाहीत, कुठल्या सर्क्युलरमध्ये उल्लेखही नाही. तिथल्या मावशी त्याला भरवतातसुद्धा. बाहेर याच सोयीचे महिना 3,500 जात होते. बसभाडं जाऊन उरलेल्या कन्सेशनपेक्षा ही सोय मोठी, आणि इंटरव्ह्यूत हिच्याबद्दल अक्षर काढलं नव्हतं.

मोठीला त्रास वेगळा. वर्गात बोलली की पिरियड संपायच्या आत बातमी स्टाफरूममध्ये माझ्या डब्यापाशी. सवलतीचं पोर म्हणून कुणी तोंडावर बोलत नाही, पण पीटीएममध्ये (पालक-शिक्षक सभेत) इतर आयांसारखं भांडता येत नाही, हे खरं. समोर बसलेल्या मॅडमबरोबरच संध्याकाळी बसमधून परतायचं असतं.

नव्यानं जॉइन होणाऱ्यांनी एवढंच करावं: ऑफर लेटरमध्ये 'ट्यूशन फी' लिहिलंय की 'फी' हे नीट वाचावं, आणि बसचं तेव्हाच लिहून घ्यावं. सही झाल्यावर कुणी ओळख देत नाही. जुना रिजीम घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, टॅक्सच्या वजावटीत (2024-25 मध्ये कलम 80सी) आपण खरोखर भरलेली ट्यूशन फीच चालते. माफ झालेली नाही आणि बसभाडं तर नाहीच.

पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा मावशींचा.

ट्रान्सपोर्ट इन्चार्जना अर्ज दिलाय, ते "देखते हैं" म्हणालेत. सोमवारपासून धाकटा वेगळ्या सीटवर बसेल. पावती माझ्या पर्समध्येच आहे.