अडीच बाय साडेतीन: रविवार कारंज्यामागचे कटिंगचे दुकान

रविवार कारंज्याच्या मागच्या एका अरुंद बोळात लग्नपत्रिका, बिलबुके आणि वह्यांचे कागद कापून देणारे एक जुने दुकान आहे. त्याला ठळक पाटी नाही. आसपासचे छापखानेवाले मालकांना नुसते ‘कटिंगवाले’ म्हणतात. गेली दोन वर्षे मी तिथून दोन गोष्टी घेते: छपाईनंतर उरलेली कागदाची कातरण, जी किलोवर मिळते, आणि अडीच बाय साडेतीन इंचांत कापून घेतलेली कोरी कार्डे. या दोन्हींवर आमच्या सात-आठ जणींचा आर्टिस्ट ट्रेडिंग कार्डांचा छंद चालतो. नाशिकमध्ये हा छंद सुरू करू इच्छिणाऱ्यांना या दुकानाचा उपयोग किती आणि तिथे सावध कुठे राहावे, हे सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

ज्यांना ही कार्डे ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडी ओळख. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे एम. व्हेंची श्टिर्नेमान या कलावंताने १९९७ साली हाताने केलेल्या १२०० कार्डांचे प्रदर्शन मांडले आणि अखेरच्या दिवशी, ज्याला कार्ड हवे असेल त्याने स्वतः एक करून आणावे व बदल्यात घेऊन जावे, असे आवाहन केले. तेव्हापासून दोन नियम पाळले जातात. आकार अडीच बाय साडेतीन इंचांचा, म्हणजे सुमारे ६४ बाय ८९ मिलिमीटर. आणि कार्ड विकायचे नाही, फक्त अदलाबदल करायची. मागच्या बाजूस करणाऱ्याचे नाव, शीर्षक आणि तारीख लिहितात. दर्शनी बाजूस काय करावे, याला बंधन नाही.

आकाराचा हा नियम मला या छंदाचा प्राण वाटतो. पत्त्याच्या पानाएवढ्या जागेत बोटभर रुंदीची जरीची पट्टीसुद्धा पुरून उरते. घरात शिवणकाम, पत्रिकांचे काम किंवा मुलांचे शाळेचे प्रकल्प होत असतील, तर टाकवत नाही आणि वापरताही येत नाही अशा तुकड्यांचा एक डबा प्रत्येकीकडे असतोच. मोठ्या कोलाजसाठी तो डबा अपुरा पडतो, कार्डांसाठी मात्र वर्षभर पुरतो.

आता दुकानातील कातरणीविषयी. एका किलोच्या पिशवीत साधारण निम्मा भाग लग्नपत्रिकांच्या जाड, रंगीत कागदाचा असतो: हळदी, मरून, मोरपंखी, क्वचित मखमली. उरलेल्यात वहीच्या कव्हरांच्या कडा, डायऱ्यांचे अस्तरकागद आणि बिलबुकांचा पातळ गुलाबी-पिवळा कागद येतो. हा पातळ कागद बहुतेक जणी बाजूला टाकतात; मला तो सर्वांत मोलाचा वाटतो, कारण एकावर एक दोन-तीन थर चिकटवले की खालचा रंग वर झिरपल्यासारखा दिसतो आणि रंगाला हात न लावता संध्याकाळचे आकाश तयार होते. पत्रिकांवरील गणपतीचे तुकडे मालक स्वतः वेचून वेगळ्या खोक्यात ठेवतात. मी पहिल्यांदा विचारले तेव्हा ते म्हणाले, “ताई, देवाचं चित्र कातरणीत जाऊ देत नाही आपण.” वधूवरांची नावे असलेले तुकडे मात्र पिशवीत येतात. ते मी नेहमी पालथे चिकटवते. अनोळखी घरातील मंगलकार्याची नावे आपल्या चित्रात मिरवणे मला योग्य वाटत नाही.

कातरणीची मोठी अडचण लॅमिनेशनची आहे. चकचकीत थर दिलेल्या कागदात फेव्हिकॉलचे पाणी मुरत नाही, त्यामुळे वरून घट्ट वाटणारा तुकडा आठवड्याभरात कोपऱ्यातून उचलला जातो. असे तुकडे वेगळे काढून त्यांची चिकटवायची बाजू बारीक पॉलिश पेपरने घासावी किंवा दुहेरी चिकटपट्टी वापरावी. पिशवी घेतानाच वरचे चार तुकडे नखाने खरवडून पाहावेत. मालक त्याला हरकत घेत नाहीत आणि फार चकचकीत माल असेल तर बदलूनही देतात.

गेल्या महिन्यात केलेले एक कार्ड सांगते, म्हणजे या सामानाने काय साधते ते कळेल. येवल्याच्या पैठणीचे ब्लाउज शिवताना काठाची जेमतेम दीड इंचाची पट्टी उरली होती. रेशीम कापताच त्याचे धागे सुटू लागतात, म्हणून आधी पट्टीच्या मागच्या बाजूस फेव्हिकॉलचा अगदी पातळ हात दिला, तो पूर्ण वाळू दिला आणि मगच कात्री लावली. कड सुरीने कापल्यासारखी सरळ आली. फेव्हिकॉल जाड झाला असता तर रेशमातून वर येऊन काळपट डाग पडला असता. पट्टी खाली बसवली, तिच्यावर बिलबुकाच्या गुलाबी कागदाचे तीन थर दिले आणि उजव्या कोपऱ्यात एक वापरलेले टपाल तिकीट लावले. बाहेरगावी जाणाऱ्या प्रत्येक कार्डावर मी तिकीट लावतेच, कारण आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२० च्या दशकापासून टपाल तिकिटे छापली जात आहेत आणि आपल्या गावाची याहून नेमकी खूण मला सुचत नाही. एकाच बाजूला कागद चिकटवला की वाळताना तो कार्डाला आपल्याकडे ओढतो व कार्ड पन्हाळीसारखे वळते. म्हणून मागच्या बाजूसही एक साधा कागद लावला आणि रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवले. सकाळी कार्ड सपाट होते.

कटिंगच्या सेवेबद्दल माझे मत चांगले आहे, पण पहिला अनुभव चांगला नव्हता. ए-फोर कागदातून, उभी तीन आणि आडवी तीन अशी, नऊ कार्डे निघतात. कोटिंग नसलेले, ३०० जीएसएमचे (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) २० कागद मी नेऊन दिले, म्हणजे १८० कार्डे. त्या दिवशी दुकानात गर्दी होती आणि कारागिराने सगळा गठ्ठा एकदम यंत्राखाली घातला. जाड गठ्ठ्यात पाते खाली उतरताना किंचित सरकते. वरची कार्डे बरोबर, तर तळची दीड-दोन मिलिमीटरने मोठी निघाली. ऐकायला हा फरक क्षुल्लक आहे. परंतु कार्डे जपून ठेवण्यासाठी नऊ कप्प्यांची जी प्लास्टिकची पाने मिळतात, त्यांत अशी कार्डे शिरत नाहीत, जबरदस्तीने घातली तर कोपरे मुडपतात, आणि समोरच्या व्यक्तीला तसे कार्ड देताना खरोखर वाईट वाटते. मी दुसऱ्या दिवशी मोजपट्टी घेऊन गेले. मालकांनी वाद न घालता स्वतः मोजून पाहिले, मोठी कार्डे पुन्हा कापून दिली आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून मी दहा-दहा कागदांचेच गठ्ठे करून देते आणि पहिला गठ्ठा कापून झाला की वरचे आणि तळचे कार्ड एकावर एक ठेवून पाहते. असे केल्यापासून तक्रारीची वेळ आली नाही.

नऊ कार्डे कापून झाल्यावर प्रत्येक कागदाच्या १८ मिलिमीटर आणि ३० मिलिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या उरतात. त्या मागून घ्याव्यात, नाहीतर त्या रद्दीत जातात. कार्डाला चौकट करण्यासाठी किंवा नावाची चिठ्ठी लावण्यासाठी त्यांच्याइतका जुळणारा कागद दुसरा मिळत नाही.

केव्हा जावे, यालाही महत्त्व आहे. चातुर्मासात लग्ने नसतात, त्यामुळे आषाढापासून पत्रिकांची कातरण जवळजवळ थांबते आणि पिशवीत बिलबुकांचा कागदच अधिक येतो. दिवाळीच्या आगेमागे डायऱ्या आणि कॅलेंडरांचे रंगीत कागद दिसू लागतात आणि तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांचा हंगाम पुन्हा सुरू होतो. रंगांची खरी विविधता हवी असेल तर मार्गशीर्ष ते वैशाख हा काळ उत्तम. पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते: बोळात ओल असते, पिशव्या जमिनीवर ठेवलेल्या असतात आणि तळाचे तुकडे दमट लागतात. असा कागद घरी आणून दोन दिवस पंख्याखाली पसरल्याशिवाय वापरू नये.

दुकानात उभे राहायला जागा कमी आहे, ऑनलाइन पैसे घेतात, पिशवी आपली न्यावी लागते. सकाळी अकराच्या आत गेल्यास मालक स्वतः यंत्रावर असतात आणि माप समजावून सांगायला वेळ देतात. दुपारनंतर छापखान्यांची कामे येतात, तेव्हा घाईने कापून घेऊ नये.

येत्या रविवारी आमच्या अदलाबदलीला गंगापूर रोडवरून तीन नव्या मैत्रिणी येणार आहेत. त्यांच्यासाठी दहा कागदांचा एक गठ्ठा कालच कापायला दिला आहे, आणि पट्ट्या बाजूला ठेवायला सांगितल्या आहेत.