तांब्याच्या भावात ॲल्युमिनियम

दिवाळीच्या साफसफाईत टीव्ही युनिटमागून स्पीकर वायरचं भेंडोळं निघालं. सहा मीटर. तांब्याला भाव बरा मिळतो म्हणून जुन्या पातेल्यांबरोबर भंगारवाल्यापुढे ठेवलं. त्याने एक टोक कानशीने खरवडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, हे तांबं नाही. ॲल्युमिनियम आहे, वरून तांबं चढवलंय."

ही वायर मी ४५० रुपये मीटरने घेतली होती.

दोन वर्षांपूर्वी नवा ॲम्प्लिफायर आणि ८ ओहमचे स्पीकर घेतले. उजवा स्पीकर ॲम्प्लिफायरपासून तीन मीटरवर, डावा दाराला वळसा घालून नऊ मीटरवर. म्हणजे बारा मीटर वायर पुरत होती. दुकानदाराने समजावलं, "साहेब, दोन्ही बाजूंना लांबी सारखीच पाहिजे, नाहीतर एका बाजूचा आवाज उशिरा येतो." मान डोलावून मी अठरा मीटर घेतली. ८,१०० रुपये. सहा मीटर वायरने पडणारा उशीर सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागातला. सोफ्यावर दोन बोटं सरकून बसलं तरी याच्या हजारपट फरक पडतो. पण हे गणित तेव्हा करायला हवं होतं.

वायरवर 'शुद्ध तांबं' असं छापलेलं आणि जागोजागी बाण. बाण ॲम्प्लिफायरकडून स्पीकरकडे ठेवायचे म्हणे, करंट त्याच दिशेने जातो. स्पीकरमधला करंट सेकंदाला शेकडो वेळा दिशा पालटतो, हे दहावीला विज्ञानात चांगले मार्क असलेल्या माणसाला सुचू नये!

खूण तर जोडणी करतानाच दिसली होती. टोक सोलून टर्मिनलमध्ये पिळताना बारीक तारा पटापट तुटत होत्या. वाटलं, उंची माल नाजूकच असतो.

भंगारवाला गेल्यावर मीटरभर वायर सोलली. अडीच स्क्वेअरची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची, तांब्याची एक तार मीटरला साधारण २२ ग्रॅम भरते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तेवढ्याच जाडीची माझी भरली ९. एक बारीक तार लायटरवर धरली तर वितळून गळाली. तांबं नुसतं लाल झालं असतं. घेताना यातलं काही जमत नसेल तर टोक तिरपं कापून रंग बघा. कुठेही पांढरा दिसला की ब्लेडने वरून खरवडा: वर तांबूस आणि आत पांढरं असेल तर घेऊ नका. वर पांढरं आणि आत तांबूस असेल तर ते कल्हई केलेलं तांबं, ते चांगलं.

बिल घेऊन दुकानात गेलो. बिलावर 'ॲक्सेसरीज' एवढंच. वायर, तांबं, मीटर, कशाचाच उल्लेख नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन लावून सांगणार काय? दुकानदाराने शांतपणे विचारलं, "दोन वर्षांत आवाजात काही खोट जाणवली का?"

इथे माझी बोलती बंद झाली. कारण जाणवली नव्हती. उलट आल्यागेल्याला बसवून "बास कसा घट्ट झालाय बघा" म्हणून ऐकवणारा मीच. एवढ्या अंतराला ॲल्युमिनियमचा करंटला होणारा जास्तीचा रोधही कानाला कळत नाही. मग मी ४५० रुपये नेमके कशाचे दिले, हे त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आता चौकातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून अडीच स्क्वेअरची साधी तांब्याची फ्लेक्सिबल वायर आणली आहे. डावीकडे नऊ मीटर, उजवीकडे तीन. नऊ मीटरच्या जाण्यायेण्याचा रोध ०.१४ ओहम, ८ ओहमपुढे किरकोळ. दीड स्क्वेअरही चालली असती. बिलावर वायरचं नाव, जाडी आणि 'कॉपर' हा शब्द उभं राहून लिहून घेतला.

जुन्या वायरला भंगारवाल्याने ॲल्युमिनियमचा भाव सांगितला, तो मी घेतला नाही. त्या वायरने बाल्कनीतला मनीप्लांट बांधलाय. बाण वरच्या दिशेने ठेवलेत.