दहा मीटर एअर रायफलसाठी छर्रे: डबीतले सुटे की खणांतले?

रायफल झाली, जॅकेट शिवून झालं, की इंदूरच्या रेंजवर नवीन माणूस हमखास विचारतो, "पेलेट कोणते घेऊ?" काडतुसाच्या बंदुकीत दारू किती, गोळी कोणती, असा दोन्हींचा विचार असतो. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरता येत नाही, आणि एअर रायफलीत तर दारूच नाही. हवेचा दाब रेग्युलेटर सांभाळतो. मग आपल्या निवडीला उरतो तो अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा.

त्याचं महत्त्व किती, हे एका आकड्यात सांगतो. हांगझोऊच्या आशियाई खेळांत रुद्रांक्ष पाटील, दिव्यांश सिंग पनवार आणि आपल्या खरगोन जिल्ह्याचा ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर, या तिघांनी १८९३.७ गुण करून सांघिक सुवर्ण घेतलं. १८० फैरींत सरासरी १०.५ च्या थोडी वर. लक्ष्यावर एक दशांश म्हणजे फक्त पाव मिलिमीटर. आपण त्या पातळीचे नसलो तरी पाव मिलिमीटर आपल्यालाही तेवढाच मोजला जातो.

वजनाचं आधी उरकतो. ०.४५ ग्रॅमचा हलका छर्रा नळीतून लवकर सुटतो, म्हणून पिस्तूलवाले तो पसंत करतात. रायफलीला ०.५३ च्या आसपासचा जड. मी दोन्ही चालवले, माझ्या नळीला जडच मानवला. छर्र्याच्या डोक्याचा व्यास ४.४९ मिलिमीटर की ४.५०, हे मात्र कुणाला विचारून ठरवू नका. रायफल शिकंजात बांधून प्रत्येक मापाचे दहा-दहा मारा आणि कुठल्याचा घोळका, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका, लहान येतो ते पाहा. माझा ४.५० ला लहान आला; शेजारच्या लेनवरच्या ताईंची रायफल त्याच कंपनीची, तिला ४.४९ लागतो.

आता खरी निवड. चांगल्या प्रतीचे छर्रे दोन तऱ्हेने मिळतात: पाचशेच्या पत्र्याच्या डबीत सुटे, किंवा फोमच्या ट्रेमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र खण. खणांतले महाग पडतात, हे उघडच आहे. सुट्यांची बाजू मी चार वर्षं मनापासून घेतली. डबी खिशात मावते, बोटांनी चटकन उचलता येते, आणि रोज शंभर-दीडशे मारणाऱ्याला हिशेब परवडतो. सराव फक्त इंदूरलाच करणार असाल, डबी घरून रेंजवर आणि रेंजवरून घरी इतकीच फिरणार असेल, तर सुटे घ्यायला मी आडकाठी करणार नाही.

माझं मन फिरलं ते एका प्रवासाने. स्पर्धेसाठी भोपाळला निघालो होतो, एकशे नव्वदेक किलोमीटर बसने. अर्धी वापरलेली डबी किटबॅगच्या बाजूच्या कप्प्यात होती. देवासपासून ती खडखडत होती, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रेंजवर झाकण उघडलं तर तळाशी करडी भुकटी. छर्र्याचं शिसं मऊ असतं आणि मागचा घेर, ज्याला आपण स्कर्ट म्हणतो, तो पातळ. एकावर एक आपटून कित्येकांचा घेर चपटला होता, काहींच्या कडेला नखाने दाबावी तशी खोक पडली होती. हा घेरच हवेच्या दाबाने फुगून नळीला घट्ट बसतो. एका बाजूने तो दबला की तिथून हवा निसटते आणि छर्रा बाहेर पडतानाच कलतो.

मॅचआधी तयारी आणि साइटिंग, म्हणजे नेम जुळवायच्या फैरी, मिळून १५ मिनिटं. त्यातली कितीतरी मी छर्रे उजेडाकडे धरून निवडण्यात घालवली. पुढे मॅचमध्येही तेच. बाकी सगळं ठीक होतं, श्वास बसलेला, पवित्रा स्थिर. पण प्रत्येक फैरीआधी डोळा एकदा छर्र्याच्या कडेवर जायचा, मग पुन्हा साइटवर. एवढ्यानेच लय मोडते. त्या दिवशी अधूनमधून ९.७, ९.६ आले. ते सगळे छर्र्याचे होते की माझ्या विस्कटलेल्या मनाचे, ते वेगळं काढून दाखवता येणार नाही. पण आपला ट्रिगर स्वच्छ गेलाय की नाही हे बोटाला कळतं, आणि त्यातले तीन तरी माझ्या बोटाचे नव्हते.

घरी आल्यावर टेबलाची काच पुसली आणि उरलेले छर्रे एकेक करून घरंगळवले. डोकं घेरापेक्षा किंचित लहान, त्यामुळे चांगला छर्रा एकसारखं वळण घेत जातो. दबलेला अडखळतो, मध्येच डुलतो. माझा पुतण्या शेजारी बसून मोजत होता. वीस झाल्यावर म्हणाला, "काका, सात लंगडे." मी त्याला साबणाने हात धुवायला पाठवलं. शिसं आहे, मुलांच्या हातात फार वेळ नको.

तेव्हापासून स्पर्धेला मी खणांतलेच नेतो. त्यांचा एक त्रास आहे: खणातून छर्रा काढताना मोठ्या हातमोज्यात बोटं अडतात, पहिले दोन आठवडे मला कंटाळा आला होता. ट्रे जरा तिरका धरला की जमतं. बदल्यात छर्रा उचलला, घातला, खटका लावला, बस. कडेकडे बघायची सवय आपोआप सुटली. साठाव्या फैरीपर्यंत डोकं मोकळं राहतं, याची किंमत माझ्या लेखी त्या जास्तीच्या रुपयांहून बरीच मोठी आहे. दुसऱ्या कुणाला ती तेवढी वाटेलच असं नाही.

घेताना दोन गोष्टी बघा. पाकिटावरचा लॉट नंबर लिहून ठेवा, आणि शिकंजात चाचणी केलेला लॉटच हंगामभराचा एकदम घ्या. नाव तेच, माप तेच असूनही लॉट बदलला की घोळका बदलू शकतो. सुट्या डब्या असतील तर टाकून देऊ नका. माझ्या दोन शिल्लक आहेत. आता आतमध्ये फोमची चकती कापून घातली आहे, झाकण लावल्यावर काही हलत नाही. सकाळच्या सरावाला त्याच चालतात.