सीपॅपचा मास्क: वर्षभराच्या वापरानंतर

सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास थांबू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र, घ्यायचं ठरलं की सगळी चौकशी यंत्राची होते. कंपनी कुठली, आवाज किती, वॉरंटी किती वर्षांची. मास्क मात्र दुकानदार देईल तो. वर्षभर वापरल्यावर माझं मत बरोबर उलटं आहे. यंत्र नावाजलेल्या कंपनीचं कुठलंही चालेल; वेळ आणि पैसे घालवायचे ते मास्कवर. यंत्र टेबलावर बसतं, मास्क आपल्या तोंडावर.

पार्श्वभूमी थोडक्यात. वय पन्नाशीपुढे, मुक्काम चिपळूण, नोकरी शाळेत. पाळी गेल्यानंतर घोरणं वाढलं आणि पेपर तपासताना डुलक्या यायला लागल्या. झोपेच्या तपासणीत एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो तो आकडा, तिसाच्या वर गेला. ५ च्या आत ठीक, ३० च्या पुढे तीव्र. बाईमाणसाला हा झोपेत श्वास अडण्याचा आजार, स्लीप ॲप्निया, होतो हेच अनेकांना पटत नाही. पाळी गेल्यावर धोका वाढतो हे मलाही डॉक्टरांकडूनच कळलं. यंत्राच्या हवेचा दाब त्यांनी ठरवून दिलाय, त्याला मी हात लावत नाही.

मी तोंड उघडं टाकून झोपते म्हणून पहिल्यांदा नाकतोंड झाकणारा मोठा मास्क मिळाला. त्याचं कुशन नाकाच्या हाडावर टेकतं आणि माझी गळती नेमकी तिथेच. हवा सरळ डोळ्यांत, सकाळी डोळे चुरचुरणार. अशा वेळी हात आपोआप पट्टे आवळायला जातो आणि गळती आणखी वाढते. बऱ्याच मास्कचं सिलिकॉनचं कुशन दुपदरी असतं. आतला पदर आधाराचा. बाहेरचा पातळ पदर हवेने फुगून त्वचेला लागतो. आवळलं की हाच पदर चुरगळतो. त्यामुळे पट्टे बसवायचे ते आडवं होऊन, यंत्र चालू ठेवून, ज्या कुशीवर झोपतो त्या कुशीवर. बसल्या बसल्या घट्ट वाटलेला मास्क आडवं झाल्यावर सैल पडतोच, कारण गाल जागा सोडतात. सिडनीत कॉलिन सुलिव्हान यांनी १९८० मध्ये हा उपचार पहिल्यांदा केला, तेव्हा नाकाचा मास्क सिलिकॉनच्या गोंदाने चिकटवावा लागत असे. त्या मानाने आपल्या तक्रारी किरकोळ म्हणायच्या.

मग नाकपुड्यांत टेकणारे छोटे पिलोज वापरून पाहिले. फार हलके, चष्मा लावून वाचता येतं, आरशात भीती वाटत नाही. पण माझ्या नाकात चमकी आहे आणि तिची फिरकी आतल्या बाजूने नेमकी पिलोला टोचते. रोज रात्री चमकी काढायची माझी तयारी नव्हती. मास्कच्या माहितीपत्रकात दाढीचा उल्लेख असतो, चमकीचा कुठेच नाही! शेवटी फक्त नाक झाकणाऱ्या मास्कवर स्थिरावले. चमकी कुशनच्या आत मोकळी राहते, कडा गालांवर बसतात. तोंड उघडं राहण्याचं मूळ निघालं नाक चोंदण्यात. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ॲलर्जीवर उपचार केले, ह्युमिडिफायर, म्हणजे हवेला ओल देणारी यंत्राची पाण्याची टाकी, थोडा वाढवला आणि तोंड बरंचसं मिटलं. हनुवटीचा पट्टाही मिळतो; मला तो मुंडावळ्या बांधल्यासारखा वाटला, परत ठेवून दिला. नाक कायम बंद असणाऱ्यांना मात्र मोठ्या मास्कला पर्याय नाही.

सकाळी यंत्राच्या पडद्यावर गळती बघायची सवय लावून घ्या. रेसमेड कंपनीच्या यंत्रांत मिनिटाला २४ लिटरची मर्यादा धरतात. त्याच्या आत असेल तर हसरा चेहरा दिसतो. मास्कच्या बारीक छिद्रांतून येणारी हवा मात्र गळती नव्हे. आपण सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो. आमच्या ह्यांनी पहिल्या आठवड्यात त्यांवर चिकटपट्टी लावायचं सुचवलं होतं. तसं चुकूनही करू नका.

आता देखभाल, म्हणजे खरं काम. कुशन रोज सकाळी कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुते. स्पिरिट, डेटॉल, ब्लीच काही नाही. सिलिकॉन खराब होतं आणि वास रात्रभर नाकात. चेहऱ्याचं तेल हाच कुशनचा शत्रू. रात्री क्रीम लावणं बंद केलं, झोपण्यापूर्वी चेहरा धुते, तेवढ्याने निम्मी गळती गेली. डोक्याला खोबरेल लावायची सवय सुटत नव्हती, तेव्हा वार बदलला: शनिवारी रात्रीऐवजी रविवारी सकाळी तेल आणि मग नहाणं. नाहीतर हेडगिअरचं, म्हणजे मास्क डोक्याला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांचं, कापड तेलकट होऊन वेल्क्रो धरत नाही. अंबाडाही मागच्या पट्ट्याला आडवा येतो. सैल वेणी बरी.

हेडगिअर आठवड्याला धुवायचं असं पुस्तिकेत लिहिलंय. लिहिणाऱ्याने चिपळूणचा जुलै पाहिलेला नसावा. ते इथे दोन-दोन दिवस वाळत नाही आणि दमट राहिलं की कुबट वास येतो. उन्हात टाकायचं नाही, पण ऊन आहे कुठे? मी जास्तीचं हेडगिअर घेतलं आणि पंख्याखाली वाळवते. पावसाळ्यात हा खर्च करावाच लागतो. नळी धुऊन खिळ्याला उंच टांगायची, दोन्ही तोंडं खाली. ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणी घालते. आमच्या बोअरच्या पाण्याने टाकीत पांढरे डाग धरले असते. उरलेलं पाणी रोज ओतून टाकायचं. त्यात निलगिरीचं तेल किंवा बाम घालायचा नाही, ते थेट फुप्फुसात जातं.

डिसेंबरात पहाटे नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येतो. गरम हवा थंड नळीत निवते म्हणून असं होतं. नळीवर कापडी खोळ शिवून घातली, यंत्र पलंगापेक्षा खाली ठेवलं, आवाज थांबला.

ओझोनने मास्क साफ करणारी यंत्रं ऑनलाइन दिसतात. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये त्यांच्याविरुद्ध सावध केलं होतं, आणि २०२१ मध्ये फिलिप्सने आतला फोम झिजतो म्हणून आपली लाखो सीपॅप यंत्रं परत मागवली, तेव्हा ओझोनने ती झीज वाढू शकते असंही सांगितलं. साबण स्वस्त आहे, तोच वापरा.

माझ्या पहिल्या मास्कला चुंबकाच्या कड्या होत्या. लावायला सोयीच्या, पण घरात कुणाला पेसमेकर असेल तर कंपन्या अशा कड्या त्यापासून किमान ६ इंच दूर ठेवायला सांगतात, शेजारी झोपणाऱ्यालाही हे लागू. सासऱ्यांना पेसमेकर आहे म्हणून तो मास्क बाजूला टाकायला मला आणखी एक कारण मिळालं.

वीज गेली की यंत्र थांबतं. मोठ्या मास्कमध्ये अशा वेळी बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळं असतं, तरी जाग येतेच. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. त्यावर असताना ह्युमिडिफायर बंद करते, बॅटरी बरीच जास्त टिकते.

खर्चाचं एक कुणी आधी सांगत नाही. मास्कला काही हजार मोजावे लागतात, आणि एकदा वापरला की स्वच्छतेच्या कारणाने बहुतेक दुकानं परत घेत नाहीत. म्हणून दुकानातच मापपट्टी लावून माप घ्या, आणि जमलं तर यंत्राला जोडून थोडा वेळ आडवं होऊन बघा. नुसतं कुशन वेगळं मिळतं का हेही विचारून ठेवा, कारण फ्रेम टिकते, कुशन टिकत नाही. सिलिकॉन पिवळं आणि मऊ पडलं, धुऊनही बुळबुळीत लागलं की समजायचं ते संपलं. माझं दुसरं कुशन आता त्या वाटेवर आहे. नवीन चिपळुणात मिळत नाही, पुण्याहून मागवलंय.